व्हिनेगर आणि पाणी यांचे तुलनात्मक प्रयोग

एकाच वस्तूवर व्हिनेगर आणि पाणी यांचा होणारा परिणाम शेजारी शेजारी ठेवून पाहण्याच्या शालेय व घरगुती प्रयोगांना व्हिनेगर आणि पाणी यांचे तुलनात्मक प्रयोग असे म्हणता येईल. अंड्याचे कवच, खडू, दगड, माती, खायचा सोडा, तांब्याची भांडी, दूध आणि बियाणे या सहज मिळणाऱ्या वस्तूंवर हे प्रयोग केले जातात. त्यांत पाण्याची भूमिका व्हिनेगरइतकीच महत्त्वाची असते. व्हिनेगर स्वतःच सुमारे ९५ टक्के पाणी असते. त्यामुळे व्हिनेगरच्या पेल्यात जे घडले त्यातील आम्लाने काय केले आणि केवळ भिजल्यामुळे काय झाले, हे पाण्याचा पेला शेजारी असल्याशिवाय ठरवता येत नाही.

हे प्रयोग जगभर सारख्याच रीतीने सांगितले जातात. पण त्यांचे निष्कर्ष स्थानिक पाणी, माती आणि दगड यांवर अवलंबून असतात. मराठवाड्यातील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्हा हे त्याचे चांगले उदाहरण आहे. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला असून येथील काळ्या मातीत चुनखडीचे खडे आढळतात. अवर्षणप्रवण भाग असल्यामुळे विहिरी व कूपनलिका यांच्या पाण्यावर मोठा भार आहे, आणि हे पाणी पुष्कळ ठिकाणी क्षारयुक्त असते. परिणामी पुस्तकात ‘साधे पाणी’ म्हणून जे गृहीत धरलेले असते, ते येथील प्रयोगात साधे राहत नाही.

व्हिनेगर

व्हिनेगर म्हणजे ॲसेटिक आम्लाचे पाण्यातील विरल द्रावण. मराठीत त्याला शिरका असेही म्हणतात. हा शब्द फारसीतून आला आहे. ‘व्हिनेगर’ या शब्दाचे मूळ ‘आंबट मद्य’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांत आहे, आणि ते नाव पदार्थाची घडण अचूक सांगते. उसाच्या, द्राक्षाच्या किंवा सफरचंदाच्या रसातील साखरेचे किण्वामुळे अल्कोहोल होते. पुढे हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने ॲसेटोबॅक्टर जातीचे जीवाणू त्या अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल करतात. फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात ही क्रिया सूक्ष्मजीवांची आहे हे दाखवून दिले. ऊस पिकवणाऱ्या प्रदेशात उघडा राहिलेला रस आंबतो हा अनुभव नवा नाही. त्या आंबण्याची शेवटची पायरी म्हणजे शिरका.

बाजारात मिळणारे पांढरे व्हिनेगर मात्र पुष्कळदा आंबवून केलेले नसून ॲसेटिक आम्लात पाणी मिसळून तयार केलेले असते. अशा बाटलीवर ‘सिंथेटिक’ असा उल्लेख असतो. प्रयोगांसाठी तेच अधिक सोयीचे, कारण त्याला रंग नसतो आणि फळांच्या रसातील इतर द्रव्ये त्यात नसतात. त्यातील आम्लाचे प्रमाण साधारणपणे ४ ते ५ टक्के असते. बाटलीवरील हा आकडा वहीत टिपून ठेवणे आवश्यक आहे. तो नसेल तर दोन शाळांतील निरीक्षणांची तुलना करता येत नाही.

५ टक्के व्हिनेगरचा सामू सुमारे २.४ असतो. उदासीन पाण्याचा सामू ७ असल्यामुळे या व्हिनेगरमध्ये हायड्रोजन आयनांची संहती शुद्ध पाण्याच्या सुमारे ४० हजार पट असते. तरीही ॲसेटिक आम्लाची गणना सौम्य आम्लांत होते, कारण त्याच्या दर हजार रेणूंपैकी कोणत्याही क्षणी केवळ पाचएक रेणूंचेच विचरण झालेले असते. उरलेले रेणू राखीव साठ्यासारखे असतात. वापरल्या गेलेल्या आयनांच्या जागी नवे आयन येत राहतात, म्हणून अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये दोन दिवस सावकाश विरघळत राहू शकते. सौम्य आणि विरल या दोन शब्दांची विद्यार्थ्यांच्या लेखनात नेहमी गल्लत होते. सौम्यता हा आम्लाचा गुण आहे. विरलता ही त्यात पाणी किती घातले यावर ठरते.

पाणी

तुलनेसाठी पाणी कोणते घेतले, ही या प्रयोगांतील सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. कूपनलिकेच्या पाण्यात कॅल्शिअम व मॅग्नेशिअम यांची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि वाटेतील चुनखडी व बेसाल्टमधील खनिजे सावकाश विरघळवत खाली जाते. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही, म्हणून त्यास दुष्फेन पाणी म्हणतात. बोलीभाषेत ते ‘जड पाणी’. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण दुष्फेनता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालण्याजोगी मानली आहे.

पाण्याचा हा गुण घरीच दिसतो. स्वच्छ स्टीलच्या दोन ताटल्यांत एकीत चमचाभर कूपनलिकेचे पाणी आणि दुसरीत चमचाभर पांढरे व्हिनेगर घेऊन उन्हात ठेवावे. व्हिनेगर वास सोडत उडून जाते आणि मागे जवळजवळ काहीच उरत नाही. पाण्याच्या जागी पांढरे वलय राहते. त्या वलयावर व्हिनेगरचा थेंब टाकला असता बारीक बुडबुडे येऊन ते विरघळू लागते. ज्या द्रवाला ‘काहीच नसलेला’ म्हणून तुलनेला घेतले होते त्यात व्हिनेगरशी अभिक्रिया करणारा पदार्थ होता, हे एवढ्यावरून स्पष्ट होते. पाणी तापवण्याच्या भांड्यात किंवा हीटरच्या कॉइलवर बसणारा कठीण थर हाच. पाणी उकळताना बायकार्बोनेटचे कार्बोनेट होऊन ते खाली बसते. असा १ ग्रॅम थर काढण्यासाठी हिशेबाने सुमारे २४ मिलिलिटर ५ टक्के व्हिनेगर लागते; प्रत्यक्षात थोडे अधिक घ्यावे लागते.

व्हिनेगर विरल करताना हा फरक निर्णायक ठरतो. १ भाग व्हिनेगर आणि ९९ भाग ऊर्ध्वपातित पाणी यांच्या मिश्रणाचा सामू सुमारे ३.४ असतो. तेच व्हिनेगर लिटरमागे ३०० मिलिग्रॅम अल्कता असलेल्या पाण्यात त्याच प्रमाणात मिसळले, तर पाण्यातील बायकार्बोनेट दोन तृतीयांशांहून अधिक आम्लाचे उदासिनीकरण करते आणि सामू ५ च्या पुढे जातो. दोन्ही पेल्यांवर चिठ्ठी एकच, ‘१ टक्का व्हिनेगर’. आतील द्रव मात्र वेगळे. न मिसळलेले व्हिनेगर वापरताना ही अडचण येत नाही, कारण तेवढ्या आम्लापुढे पाण्यातील क्षारांचे प्रमाण नगण्य ठरते.

यासाठी प्रयोगात पाण्याचा स्रोत लिहिणे अपेक्षित आहे: नळ, विहीर, कूपनलिका, टँकर, आरओ यंत्र, पावसाचे साठवलेले पाणी किंवा गॅरेजमध्ये बॅटरीसाठी विकले जाणारे ऊर्ध्वपातित पाणी. यांपैकी शेवटचे दोन तुलनेला उत्तम. त्यांचाही सामू नेमका ७ येत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे तो ५.६ च्या आसपास आढळतो. मात्र ही आम्लता इतकी दुबळी असते की वस्तूंवर तिचा परिणाम प्रयोगाच्या वेळेत दिसत नाही. शक्य असल्यास दोनऐवजी तीन पेले ठेवावेत: व्हिनेगर, ऊर्ध्वपातित पाणी आणि गावातील नेहमीचे पाणी.

तुलनेची पद्धत

दोन्ही पेल्यांत द्रवाचे आकारमान, तापमान, वस्तूचे वजन व आकार आणि वेळ ही समान ठेवून केवळ द्रव बदलणे, हे नियंत्रित प्रयोगाचे मूलतत्त्व आहे. तापमानाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. उन्हाळ्यात मातीच्या माठातील पाणी आणि कपाटातील व्हिनेगर यांच्या तापमानात सहज काही अंशांचा फरक असतो, आणि अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर बदलतो. व्हिनेगरच्या वासामुळे कोणता पेला कोणता हे निरीक्षकाला आधीच कळते. तेव्हा रंग किंवा बुडबुडे यांची नोंद दुरून, पेल्यांची ओळख न सांगता, दुसऱ्या विद्यार्थ्याकडून करवून घेणे चांगले.

अंड्याचा प्रयोग

कोंबडीच्या अंड्याचे कवच सुमारे ९५ टक्के कॅल्शिअम कार्बोनेटचे असते. अंडे व्हिनेगरमध्ये ठेवताच कवचावर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे जमतात आणि त्यांच्या आधाराने अंडे कधी कधी वर उचलले जाते. मध्ये एकदा व्हिनेगर बदलल्यास एक ते दोन दिवसांत कवच नाहीसे होऊन पातळ पटलात गुंडाळलेले मऊ, अर्धपारदर्शक अंडे उरते. पाण्यातील अंडे तसेच राहते.

निरीक्षण येथे थांबवले जाते, आणि प्रयोगातील अधिक मोलाचा भाग निसटतो. व्हिनेगरमधील अंडे मूळ अंड्यापेक्षा मोठे झालेले असते. हे आम्लाचे काम नव्हे. कवच गेल्यावर उरलेले पटल पाण्याच्या रेणूंना आत येऊ देते, पण आतील प्रथिनांना बाहेर जाऊ देत नाही, आणि परासरणाने व्हिनेगरमधील पाणी आत शिरते. खात्री करण्यासाठी कवच गेलेले अंडे धुऊन ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवावे. ते आणखी फुगते. त्यानंतर ते काकवीत किंवा साखरेच्या दाट पाकात ठेवावे. काही तासांत आतले पाणी बाहेर जाऊन अंडे सुरकुतते. पहिल्या पेल्यात कवच विरघळवले आम्लाने आणि अंडे फुगवले पाण्याने. ज्या विद्यार्थ्याने अंड्याचे वजन किंवा सुतळीने घेर मोजलेला नाही, त्याला दुसरी गोष्ट घडल्याचे कळतही नाही.

कोंबडीचे स्वच्छ केलेले हाड व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवल्यास त्यातील खनिजे निघून जाऊन ते वाकू लागते. तत्त्व तेच.

खडू, फरशी आणि दगड

परदेशी पुस्तकांतील ‘खडू व्हिनेगरमध्ये टाकल्यास फसफसतो’ हे विधान भारतातील वर्गात अनेकदा खोटे ठरते. येथील पांढरे खडू बहुतेक प्लास्टर ऑफ पॅरिसपासून, म्हणजे जिप्समपासून केलेले असतात. जिप्सम हे कॅल्शिअमचे सल्फेट आहे, कार्बोनेट नव्हे. त्यातून वायू निघत नाही. धूळ न उडणारे म्हणून विकले जाणारे काही खडू कार्बोनेटचे असतात, ते फसफसतात. कोरडा खडू पाण्यात टाकला तरी त्याच्या छिद्रांतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे पाण्याचा पेला नसेल तर जिप्समच्या खडूवरही ‘अभिक्रिया झाली’ अशी नोंद होण्याचा धोका असतो.

दगडांची परीक्षा धाराशिव जिल्ह्यात विशेष रंजक ठरते. डोंगरातील काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यावर पाणी आणि व्हिनेगर दोन्ही नुसते ओघळतात. परंतु बेसाल्टच्या पोकळ्यांत पांढरी खनिजे साठलेली असतात. त्यांत गारगोटी असते, झिओलाइट गटातील खनिजे असतात आणि कॅल्साइटही असते. पाण्याने ओले केल्यावर ही सारी सारखीच चकाकतात. व्हिनेगरचा थेंब पडताच कॅल्साइटवर सावकाश बुडबुडे दिसू लागतात, गारगोटीवर दिसत नाहीत. कॅल्साइटचा चुरा केल्यास पृष्ठभाग वाढतो आणि फरक लवकर कळतो. एखाद्या काळ्या दगडावर एकाच ठिपक्यापुरते बुडबुडे आले, तर तो दगड चुनखडक आहे असे समजू नये. त्या ठिपक्यात कॅल्साइट भरलेले असण्याची शक्यता अधिक.

घरातील फरशीही याच परीक्षेस उतरते. जुन्या घरांत पुष्कळ दिसणारी शहाबादी फरशी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या नावाने ओळखली जाते. ती आणि स्वयंपाकाच्या ओट्याचा काळा कडप्पा, दोन्ही चुनखडकच आहेत. लिंबाचा रस किंवा चिंचेचे पाणी सांडले की कडप्प्यावर फिकट डाग राहतो, तो पुसून जात नाही, कारण तो डाग नसून झीज असते. पाणी सांडले तर असे होत नाही. ग्रॅनाइटच्या ओट्यावर व्हिनेगरने असा परिणाम दिसत नाही. म्हणून हा प्रयोग फरशीच्या सुट्या तुकड्यावरच करावा.

व्हिनेगरच्या या गुणाविषयी एक प्राचीन कथाही आहे. हॅनिबलच्या सैन्याने आल्प्स ओलांडताना वाट अडवणारा खडक आगीने तापवून त्यावर आंबट मद्य ओतले आणि तो फोडला, असे रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. तापलेला खडक साध्या पाण्यानेही तडकतो. त्यामुळे तेथे पाण्याने काय झाले असते, हा प्रश्न या कथेलाही विचारता येतो.

मातीची परीक्षा

काळ्या जमिनीतील मुक्त चुना ओळखण्याची ही परीक्षा या सर्व प्रयोगांत शेतीच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त, आणि चुकीच्या निष्कर्षाला सर्वांत जवळची आहे. मृद्परीक्षण प्रयोगशाळेत यासाठी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. घरी व्हिनेगर वापरता येते.

कोरड्या काळ्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगर ओतल्यास बुडबुडे येतात. पाणी ओतले तरी येतात. कोरड्या मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांत हवा असते. द्रव आत शिरताच ती बाहेर ढकलली जाते आणि ढेकूळ फुटते. केवळ व्हिनेगरचा प्रयोग करणाऱ्यास ही हवा कार्बन डायऑक्साइड वाटते आणि चुना नसलेली जमीनही चुनखडीची ठरते. यावर उपाय सोपा आहे. मातीचे दोन समान भाग बारीक करून दोन काचेच्या पेल्यांत घ्यावेत व दोन्ही प्रथम ऊर्ध्वपातित पाण्याने चांगले भिजवावेत. काही मिनिटांनी हवेचे बुडबुडे थांबले, की एका पेल्यात आणखी पाणी आणि दुसऱ्यात तेवढेच व्हिनेगर घालावे. आता फक्त व्हिनेगरच्या पेल्यात बुडबुडे आले आणि ते काही काळ येत राहिले, तर मातीत कार्बोनेट आहे. पेला कानाशी धरल्यास बारीक सळसळही ऐकू येते. बुडबुडे आले नाहीत तर चुना मुळीच नाही असे मात्र म्हणता येत नाही, कारण हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मानाने व्हिनेगरची क्रिया मंद असते आणि अल्प प्रमाणातील कार्बोनेट नजरेतून सुटते.

या परीक्षेचा अर्थ शेतकऱ्यास परिचित आहे. चुनखडीच्या जमिनीत सामू ८ च्या आसपास किंवा वर राहतो, जमिनीतील लोह पिकाला मिळत नाही आणि कोवळी पाने शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडतात. ऊस, सोयाबीन व भुईमूग यांवर केवडा पडला असे जे म्हटले जाते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. पेल्यातील चुना व्हिनेगरने विरघळतो हे पाहिल्यावर शेतातही तसेच करावे, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचा हिशेब असा: एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २० लाख किलोग्रॅम माती असते. तीत ५ टक्के मुक्त चुना असेल तर तो होतो १ लाख किलोग्रॅम. तेवढा विरघळवण्यास १ लाख २० हजार किलोग्रॅम ॲसेटिक आम्ल, म्हणजे ५ टक्क्यांचे सुमारे २४ लाख लिटर व्हिनेगर लागेल. एवढ्या आम्लाखाली पीकही उरणार नाही. व्हिनेगर चुना ओळखण्यास उपयोगी आहे, काढण्यास नाही; केवड्यासाठी सेंद्रिय खते आणि हिराकसाची म्हणजे फेरस सल्फेटची फवारणी हे मार्ग आहेत, तेही मृद्परीक्षणाचा अहवाल पाहून.

खायचा सोडा

खायचा सोडा म्हणजे सोडिअम बायकार्बोनेट पाण्यात टाकल्यास तो विरघळतो; व्हिनेगरमध्ये टाकल्यास जोराने फसफसतो. १०० मिलिलिटर ५ टक्के व्हिनेगरला ७ ग्रॅम सोडा पुरतो आणि त्यातून खोलीच्या तापमानाला सुमारे २ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. यापेक्षा अधिक सोडा घातल्यास वायू वाढत नाही. सोडा तळाशी राहतो. निघालेला वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडल्यास ती दुधी होते, आणि सोडतच राहिल्यास पुन्हा स्वच्छ होते. ही दुसरी पायरी वर्गात क्वचितच दाखवली जाते. तीत अविद्राव्य कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट होते. जमिनीखाली जड पाणी तयार होण्याची एक क्रिया हीच आहे. स्वच्छ झालेली निवळी उकळल्यास ती पुन्हा गढूळ होते, पाणी तापवण्याच्या भांड्यातल्यासारखी.

सोडा आणि व्हिनेगर यांचे मिश्रण थंड पडते. परंतु सोडा नुसत्या पाण्यात विरघळतानाही तापमान किंचित उतरते. त्यामुळे अभिक्रियेने किती उष्णता शोषली हे सांगण्यापूर्वी पाण्याच्या पेल्यातील उतार वजा करावा लागतो.

नैसर्गिक दर्शक

दर्शकाची निवड चुकली तर व्हिनेगर आणि पाणी एकसारखे दिसतात. हळद आम्लात पिवळी आणि उदासीन पाण्यातही पिवळीच राहते. ती लाल होते आम्लारीत. तेव्हा हळदीच्या कागदावरून व्हिनेगर आम्ल आहे हे सिद्ध होत नाही, ते आम्लारी नाही एवढेच कळते. जास्वंदीच्या पाकळ्यांचा किंवा जांभळाच्या सालीचा अर्क येथे उपयोगी पडतो. जास्वंदीचा अर्क व्हिनेगरमध्ये गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवट होतो. अर्क काढण्यासाठीच कूपनलिकेचे पाणी वापरले तर त्यातील बायकार्बोनेटमुळे मूळ रंग आधीच मळकट जांभळा किंवा हिरवट होतो, आणि फूल जुने असल्याचा समज होतो. अर्कही ऊर्ध्वपातित किंवा पावसाच्या पाण्यातच काढावा.

तांबे, दूध, बियाणे

तांब्याची भांडी चिंचेने घासण्याची रीत आणि व्हिनेगर-मिठाचा प्रयोग यांमागील रसायन एकच: काळवंडलेल्या थरातील तांब्याचे ऑक्साइड आम्लात विरघळते. येथे चार पेले लागतात: पाणी, मीठ-पाणी, व्हिनेगर आणि मीठ घातलेले व्हिनेगर. थर सर्वांत लवकर चौथ्या पेल्यात निघतो. दोनच पेले ठेवल्यास मिठाचा वाटा कळत नाही. प्रयोगानंतरच्या द्रवात तांब्याचे विषारी क्षार असतात, म्हणून तो चाखू नये. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ ठेवत नाहीत, त्याचे कारणही हेच.

कोमट दुधात व्हिनेगर घातल्यास सामू ४.६ च्या जवळ येताच केसीन हे प्रथिन गोळा होऊन चोथा व निवळी वेगळी होते. तेवढेच पाणी घातल्यास दूध केवळ पातळ होते. भूम तालुक्यातील कुंथलगिरीचा परिसर खव्यासाठी प्रसिद्ध आहे. खव्यात दुधातले पाणी आटवून घालवतात. पनीरमध्ये आम्लाने दूध फाडून पाणी वेगळे करतात.

ज्वारी किंवा मुगाचे दाणे पाण्याने भिजवलेल्या कापडात रुजतात, व्हिनेगरने भिजवलेल्या कापडात रुजत नाहीत. विरल व्हिनेगरची मालिका करून रुजणे नेमके कोठे थांबते हे पाहणे अधिक बोधप्रद. तेथे विरल करण्याच्या पाण्याविषयी वर सांगितलेली काळजी आवश्यक आहे.

भौतिक गुणधर्म

व्हिनेगरची घनता पाण्यापेक्षा एक टक्क्याहूनही कमी फरकाने अधिक असते आणि ते उणे २ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते. शाळेच्या साधनांनी हे फरक जेमतेम कळतात. पृष्ठताणाचा फरक मात्र सहज दिसतो. पाण्याचा पृष्ठताण ७२ एकक धरल्यास ५ टक्के व्हिनेगरचा सुमारे ६० येतो. रुपयाच्या नाण्यावर ड्रॉपरने एकेक थेंब सोडत गेल्यास पाण्याचा फुगवटा अधिक उंच होतो, आणि व्हिनेगर कमी थेंबांत ओघळते. नाणे प्रत्येक वेळी धुऊन कोरडे करावे लागते; बोटाचा तेलकटपणा राहिल्यास निकाल उलटाही येतो.

सुरक्षितता

घरगुती व्हिनेगर डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे. सोडा व व्हिनेगर घट्ट झाकणाच्या बाटलीत कधीही एकत्र करू नयेत. ब्लीच असलेल्या स्वच्छताद्रवात व्हिनेगर मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. प्रयोगशाळेतील संहत ॲसेटिक आम्ल हा व्हिनेगरचा पर्याय नव्हे. ते त्वचा भाजते आणि त्याची वाफ पेटते. ते १६.६ अंश सेल्सिअसला गोठते, त्यामुळे हिवाळ्याच्या पहाटे बाटलीत बर्फासारखे खडे दिसू शकतात. नळदुर्ग व परंडा येथील किल्ल्यांसारख्या जुन्या वास्तूंच्या दगडांमधील चुन्यावर व्हिनेगरची परीक्षा घेऊ नये. तो दर्जा कार्बोनेटचाच असतो आणि प्रत्येक थेंबाने झिजतो. घराच्या पाडलेल्या जुन्या भिंतीतील चुन्याचा तुकडा त्या कामास पुरेसा आहे.